बालदीचा उच्चार

मराठीतील ‘बालदी’ हा शब्द पोर्तुगीजांकडून आलेला. सिंहलीतील ‘बाल्दिय’ही त्याच मूळ शब्दापासून झालेला. व्यापाराच्या ओघात किनाऱ्याकिनाऱ्याने पसरलेला हा घरगुती शब्द १९८३ च्या जुलैत श्रीलंकेत माणसे निवडून मारण्याच्या कामी आला. वाहने अडवून जमाव प्रवाशांना तो उच्चारावयास लावी. तमिळ लिपीत ‘ब’साठी वेगळे अक्षर नाही आणि अस्सल तमिळ शब्दाच्या आरंभी तो ध्वनी येत नाही. ज्याच्या तोंडून ‘वाल्दिय’ निघे, तो ओळखला जाई. चेहरा आणि वर्ण यांवरून सिंहली आणि तमिळ वेगळे काढता येत नाहीत, म्हणून ही परीक्षा जिभेची.

ती प्रथम रस्त्यावर झाली नव्हती. १९५६ मध्ये सॉलोमन बंदरनायके यांच्या सरकारने सिंहली ही एकमेव राजभाषा केली, तेव्हा तमिळ कर्मचाऱ्यांपुढे सिंहलीच्या प्रावीण्याचा प्रश्न कार्यालयात उभा राहिला. दोनच वर्षांनी दंगली उसळल्या. टार्झी विट्टाची या सिंहली संपादकाने ‘इमर्जन्सी ’५८’ या पुस्तकात त्यांचा वृत्तान्त नोंदविला. पुढे १९८१ मध्ये जाफन्याचे सार्वजनिक ग्रंथालय जाळले गेले. सुमारे ९७,००० ग्रंथ आणि ताडपत्रांवरील जुनी हस्तलिखिते त्यात नष्ट झाली.

२३ जुलै १९८३ रोजी जाफन्यानजीक तमिळ बंडखोरांनी १३ सैनिकांना ठार केले. दुसऱ्या रात्री कोलंबोत अंत्यविधीसाठी जमलेल्या समुदायातून हिंसेला तोंड फुटले. हा शोकाचा उत्स्फूर्त उद्रेक होता, असे सांगितले गेले. परंतु अनेक हल्लेखोरांच्या हाती मतदारयाद्या होत्या आणि त्यांवरून तमिळांची घरे व दुकाने शोधली जात होती. उद्रेक याद्या घेऊन निघत नाही. २५ आणि २७ जुलै रोजी वेलिकडा तुरुंगात, म्हणजे शासनाच्याच ताब्यात, ५३ तमिळ बंदी मारले गेले. अध्यक्ष जयवर्धने २८ तारखेला दूरचित्रवाणीवर बोलले. मृतांविषयी सहानुभूतीचा शब्द त्यांच्या भाषणात नव्हता. सरकारी मृतसंख्या चारशेच्या आत राहिली. अन्य अंदाज तीन हजारांपर्यंत जातात. असंख्य तमिळांचे प्राण सिंहली शेजाऱ्यांनी स्वतःच्या घरांत लपवून वाचविले, हेही त्याच आठवड्याचे वृत्त आहे. मात्र त्याची यादी कोणी केली नाही.

कवयित्री जीन अरसनायगम जन्माने डच बर्गर. आडनाव तेवढे तमिळ पतीचे. त्या इंग्रजीत लिहीत. त्या जुलैत त्यांना कुटुंबासह निर्वासितांच्या छावणीत आश्रय घ्यावा लागला आणि ‘अपोकॅलिप्स ’८३’ हा संग्रह त्या अनुभवातून आला. उच्चाराच्या कसोटीत न अडकणाऱ्यांसाठी आडनावाची कसोटी होतीच.

१९८७ मध्ये तेराव्या घटनादुरुस्तीने तमिळलाही राजभाषेचा दर्जा दिला. तोवर यादवी युद्धाला चार वर्षे झाली होती. ते २००९ पर्यंत चालले.