एक रुपयाची जीप

घर पाहावं बांधून आणि लग्न पाहावं करून, असं सांगून गेलेल्या शहाण्याच्या दारात जुनी जीप नसावी. असती तर त्याने घर आणि लग्न दोन्ही किरकोळ खर्चात घातली असती. घर एकदा बांधलं की उभं राहतं. जीपही एकदा घेतली की उभी राहते. पण भर रस्त्यात, आणि बहुधा घाटात.

आमच्या दारात १९६८ सालची जीप आहे. मी बँकेत कारकून. बी.कॉम.ला आम्हाला पहिल्याच वर्षी शिकवलं, की खर्च दोन जातींचा असतो : भांडवली आणि महसुली. वस्तू घेण्याचा तो भांडवली, ती चालती ठेवण्याचा तो महसुली. पहिला एकदाच रडवतो, दुसरा हप्त्याहप्त्याने. जीपच्या बाबतीत जगात जो काही घोळ झाला, तो या दोन खात्यांची गल्लत केल्यामुळे झाला, असं माझं अभ्यासाअंती मत आहे. हा अभ्यास मी मिस्त्रीच्या गॅरेजात उलट्या डब्यावर बसून केला. तिथे वेळ भरपूर मिळतो.

गल्लतीची सुरुवात अमेरिकेत झाली. १९४० च्या जुलैत तिथल्या लष्कराने १३५ कारखानदारांना विचारणा केली : हलकी, चारही चाकांनी ओढणारी गाडी पाहिजे, नमुना ४९ दिवसांत हजर करा. ४९ दिवसांत आमच्याकडे कर्जाचा अर्ज एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जातो. पण बँटम नावाच्या, बुडायला टेकलेल्या एका छोट्या कंपनीने ती गाडी करून दाखवली. मोठी ऑर्डर मात्र मिळाली विलिसला आणि फोर्डला. कष्ट एकाचे आणि बढती दुसऱ्याला, हा प्रकार केवळ बँकेतच चालतो असं नाही.

विलिसची गाडी ठरलेल्या वजनात बसेना. तेव्हा त्यांचे इंजिनिअर बार्नी रूस यांनी लांब बोल्ट आखूड केले आणि रंगाचा थरसुद्धा पातळ केला. (आमचा मिस्त्री गेली वीस वर्षं हाताला येईल तो बोल्ट बसवून ते वजन भरून काढतो आहे.) गाडीची किंमत पडली साडेसातशे डॉलरच्या आत. युद्ध संपेपर्यंत दोन्ही कंपन्यांनी मिळून सहा लाखांहून जास्त जीपगाड्या बाहेर काढल्या.

आता यात देखभालीचा खर्च कुठे आला? फारसा कुठे नाहीच. विलिसचे भाग फोर्डला बसत. एक जीप मोडली की तिचे अवयव काढून दुसरी चालू करायची. पेट्रोलची टाकी ड्रायव्हरच्या बैठकीखाली. म्हणजे गाडीचं आणि ड्रायव्हरचं जे काय व्हायचं ते एकदमच होणार. दोघांपैकी कुणी म्हातारं होईल, हे कुणाच्या हिशेबातच नव्हतं.

पण युद्ध संपलं आणि जगलेल्या गाड्या म्हाताऱ्या होऊ लागल्या. महसुली खातं तेव्हा उघडलं. त्याचा पहिला धडा आपल्या देशाला १९४८ साली मिळाला. काश्मीरच्या लढाईसाठी तातडीने जीपगाड्या हव्या होत्या. लंडनमधले आपले हायकमिशनर कृष्ण मेनन यांनी जुन्या, दुरुस्त केलेल्या जीपगाड्यांचा सुमारे ८० लाख रुपयांचा व्यवहार केला. प्रत्यक्षात १५५ गाड्या मद्रास बंदरात उतरल्या आणि लष्कराने त्या बघून हात जोडले. संसदेत गदारोळ झाला. सरकारने ते प्रकरण १९५५ साली बंद केलं, १९५६ मध्ये मेनन मंत्री झाले आणि १९५७ मध्ये आपल्याच मुंबईने त्यांना लोकसभेवर पाठवलं. मला राजकारणातलं कळत नाही. पण ‘दुरुस्त केलेली जीप’ हे शब्द ऐकून देश फसतो, तिथे मी कोण?

तिकडे मुंबईत महिंद्रांनी अमेरिकेहून आलेल्या सुट्या भागांपासून जीप जोडायला घेतल्या होत्या. ही कंपनी १९४५ साली निघाली, ती ‘महिंद्रा अँड मोहम्मद’ या नावाने. फाळणीनंतर भागीदार गुलाम मोहम्मद पाकिस्तानात गेले, तिथले अर्थमंत्री आणि पुढे गव्हर्नर जनरल झाले. इकडे कंपनी १९४८ साली ‘महिंद्रा अँड महिंद्रा’ झाली. दोन ‘एम’ जागच्या जागी राहिले. दुरुस्ती असावी तर अशी. एक भाग गेला, दुसरा बसवला, अक्षरालाही धक्का नाही.

त्यांच्याच कारखान्यातली आमची ही जीप. बॉनेट उंच, कारण आतलं हरिकेन इंजिन जुन्या इंजिनापेक्षा उंच. तिला आयुष्यात पहिल्यांदा किल्ली लावली ती आप्पांनी. आप्पा म्हणजे माझे वडील, एका सरकारी खात्यात ड्रायव्हर. १९७२ च्या दुष्काळात ते साहेबांना घेऊन खडीच्या कामांवर फिरले. मागच्या सीटवर हजेरीपत्रकं आणि सुकडीची पोती. १९७३ च्या अखेरीस अरबांनी तेल आवळलं, थोड्या महिन्यांत जगात त्याचा भाव चौपट झाला, आणि गावोगाव जीपची पेट्रोल इंजिनं उतरवून डिझेलची चढवायची लाट आली. आमच्या जीपचंही हृदय बदललं. नवं हृदय जड, त्यामुळे तेव्हापासून पुढच्या पाट्यांची पानं मोडतात. डिझेलमध्ये वाचले ते पाट्यांत गेले. याला आमच्यात ‘नोंदीचं स्थलांतर’ म्हणतात.

१९९० साली खात्याने तिला निकामी ठरवून लिलावात काढलं. एका भंगारवाल्याने ती अठरा हजारांना घेतली. आप्पांनी पाचशे जास्त देऊन त्याच दिवशी सोडवून आणली. आई तीन दिवस बोलली नाही. चौथ्या दिवशी तिला जीपमधूनच दवाखान्यात न्यावं लागलं, तेव्हा बोलली.

आता खर्चाचं बोलू. २०२२ च्या १ एप्रिलला पंधरा वर्षांवरच्या मोटारींच्या नोंदणी नूतनीकरणाची फी ६०० वरून ५,००० झाली. आमची मुदत संपत होती मे महिन्यात. आयुष्यात इतका वक्तशीरपणा जीपने एवढ्या एकाच वेळी दाखवला. मग २०२३ चा हिशेब मी बँकेच्या शिस्तीने मांडला. पाटे आणि बुश ९,४००, क्लच ७,८००, दोन टायर ११,०००, रेडिएटर ४,२००, आणि डिझेल, ऑइल, ग्रीस, बॅटरी मिळून ९,२००. एकूण ४१,६००. गाडी चालली ३१२ किलोमीटर. म्हणजे किलोमीटरला १३३ रुपये ३३ पैसे.

“अहो, एवढ्यात आप्पांना पालखीतून फिरवता येईल,” बायको म्हणाली.

त्याच महिन्यात एक गृहस्थ आले. त्यांना हॉटेलच्या दारात शोभेला जीप हवी होती. इंजिन काढून आत कुंड्या ठेवणार होते. दोन लाख देतो म्हणाले. मी आप्पांना न सांगता ‘कळवतो’ म्हटलं.

व्यवहार करायचा तर जुना जमाखर्च हवा, म्हणून मी आप्पांची वही काढली. सरकारी ड्रायव्हरची सवय : प्रत्येक फेरीला तारीख, कुठून कुठे, किलोमीटर आणि कारण. रुपयांचा रकाना मात्र कुठेच नाही. कारणांचा रकाना भरलेला. ‘शेजारची सून, बाळंतपण.’ ‘विहिरीची मोटर, दुरुस्तीला.’ ‘चिरंजीव, बारावीचा पेपर, एस.टी. चुकली.’ ‘चिरंजीव, बँकेत हजर होणे.’ ‘सौ., दवाखाना.’ ‘सौ., दवाखाना.’ असं एक अख्खं पान. त्यानंतर सात महिने काहीच नाही.

शेवटचं पान चालू होतं. दर रविवारी, सहा किलोमीटर, घर ते तिठा ते घर. कारण : ‘गाडी चालू राहावी म्हणून.’

आमच्या बँकेत टेबलखुर्च्यांचा घसारा काढून काढून किंमत संपली, तरी वापरातल्या खुर्चीपुढे शून्य लिहीत नाहीत. एक रुपया ठेवतात. खुर्ची म्हणून नव्हे. शून्य झालं की ती वहीतूनच जाते आणि मग तिच्यावर कोण बसत होतं याचीही नोंद राहत नाही, म्हणून.

त्या गृहस्थांना मी फोन करून नाही म्हणून कळवलं. दोन लाखांचं नुकसान झालं. संध्याकाळी आप्पा म्हणाले, “क्लच परत घसरतोय रे.” मी वहीत नवीन पान उघडलं, रुपयांचा रकाना आखायला घेतला, आणि पट्टी खाली ठेवली.