रुईची गाठ : वस्तुमान, घनता व घनफळ (खानदेश)

सरकी काढलेली रुई यंत्राने दाबून व पट्ट्यांनी आवळून तयार केलेल्या ठोकळ्यास गाठ म्हणतात. वस्तुमानास घनतेने भागल्यास घनफळ मिळते. या साध्या नियमाचे आर्थिक महत्त्व जळगाव व धुळे भागांतील कापूस-व्यापाराच्या इतिहासात स्पष्ट दिसते.

रुईचे मोल वजनावर ठरते. वाहतुकीचा खर्च मात्र ती किती जागा व्यापते यावरही अवलंबून असतो. सैल रुईने गाडी वा जहाज वजनाची मर्यादा गाठण्यापूर्वीच भरून जाते. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे (१८६१–६५) लँकाशरच्या गिरण्यांचा अमेरिकन कापूस तुटला आणि खानदेशी कापसाची मागणी वाढली. जळगाव मोठी पेठ बनली. त्याच दशकात तेथे लोहमार्गही आला. धुळे चाळीसगावशी लोहमार्गाने १९०० मध्ये जोडले गेले. तोपर्यंत तेथील माल बैलगाड्यांनीच जाई. वाफेवर चालणाऱ्या दाबयंत्रांमुळे दूरच्या वाहतुकीतील जागेची मोठी बचत झाली.

गाठीचे वजन १७० किग्रॅ. आणि घनता दर घ. मी. ला ४५० किग्रॅ. धरल्यास घनफळ सु. ०·३८ घ. मी. येते. तीच रुई १०० किग्रॅ. घनतेची असती, तर १·७ घ. मी. जागा लागली असती. कापसाच्या तंतूतील सेल्युलोजाची घनता सु. १,५०० किग्रॅ. असल्याने त्याचे निव्वळ घनफळ केवळ ०·११ घ. मी. भरते. म्हणजे घट्ट गाठीतही सु. ७० टक्के जागा हवेची असते.

दाबलेल्या गाठीचे अंतरंग मात्र दिसत नाही. पाणी, माती वा सरकी मिसळून वजन वाढविण्याच्या प्रकारांना आळा घालण्यासाठी मुंबई इलाख्यात १८६३ मध्ये कायदा झाला. १९२५ च्या कायद्याने गाठीवर कारखान्याची खूण व अनुक्रमांक आवश्यक केले. त्यामुळे दोषी गाठीचा माग काढणे शक्य झाले.

मुंबईच्या बाजारात रुईची खंडी ७८४ पौंडांची (३५५·६ किग्रॅ.) व गाठ तिच्या निम्मी, ३९२ पौंडांची असे. १९५८ पासून दशमान वजने प्रचारात आली. शेतकऱ्याचा कापूस आता क्विंटलने विकला जातो; रुईचे भाव मात्र अद्याप खंडीवर सांगितले जातात.