पेटीवरचा अपूर्णांक : छोट्या मोटारींच्या मापांचा इतिहास (थ्रेड)

(१/१९) गेल्या महिन्यात पुण्यातील एका छंदसाहित्याच्या दुकानात मोटारीची प्रतिकृती जोडण्याचा संच मागितला. दुकानदारांनी वर न पाहताच विचारले, "चोवीसचा की पंचवीसचा?" मी उत्तर देऊ शकलो नाही. त्या एका प्रश्नाने पुढचे काही आठवडे खाल्ले. प्रस्तुत थ्रेड हे त्या प्रश्नाचे उशिरा सुचलेले उत्तर आहे.

(२/१९) प्रथम अर्थ पाहू. पेटीवर १:२४ लिहिले असेल तर मूळ वस्तूची प्रत्येक लांबी २४ ने भागलेली असते. ४.८ मीटर लांबीची मोटार १:२४ मध्ये २०० मिलिमीटर होते, तर १:२५ मध्ये १९२. फरक अवघ्या आठ मिलिमीटरांचा. पण १:३५ च्या संचातील माणूस १:२४ च्या मोटारीशेजारी उभा केला, तर तो थेट शाळकरी मुलगा दिसू लागतो. ही चूक मी स्वतः पैसे मोजून केली आहे.

(३/१९) दुकानाच्या फळीवर १:२४, १:२५, १:३५, १:४३, १:६४, १:७२ असे अपूर्णांक शेजारीशेजारी मांडलेले असतात. ते पाहून वाटते की कोणा गणितज्ञाने बसून ही श्रेणी ठरवली असावी. वस्तुस्थिती नेमकी उलट आहे. यातील एकेका आकड्यामागे वेगवेगळी माणसे, वेगवेगळे धंदे आणि पुष्कळसे योगायोग आहेत.

(४/१९) सर्वांत सरळ कुळी फूट-इंचांची. एका फुटात बारा इंच. एक फूट अर्ध्या इंचात बसवला की १:२४, पाव इंचात बसवला की १:४८. सहा फुटांचा माणूस एक इंचाचा केला की १:७२. दशमान पद्धतीत वाढलेल्या आपल्याला २४ आणि ७२ हे आकडे विचित्र वाटतात. ज्याच्या हातात इंचपट्टी होती त्या कारागिराला मात्र ते 'अर्धा' आणि 'पाव' इतके सोपे होते.

(५/१९) १:४३ ची कथा याहून गमतीची. तिचे मूळ मोटारीत नसून आगगाडीत आहे. 'ओ गेज' नावाच्या खेळण्यातील रेल्वेसाठी ब्रिटिश छांदिष्टांनी एका फुटाला सात मिलिमीटर असे प्रमाण धरले. मूळ वस्तू फुटात, प्रतिकृती मिलिमीटरात! ३०४.८ भागिले ७ म्हणजे साधारण ४३.५. दोन मापनपद्धतींच्या या संकरातून तो अवघड आकडा जन्मला.

(६/१९) लिव्हरपूलच्या फ्रँक हॉर्नबी यांनी १९०१ साली 'मेकॅनो' या जोडखेळण्याचे पेटंट घेतले आणि १९२० पासून त्यांच्या कंपनीने खेळण्यातील रेल्वे विकायला आरंभ केला. रेल्वे आली की स्थानक हवे, हमाल हवेत, स्थानकाबाहेर मोटारीही हव्यात. १९३० च्या दशकाच्या आरंभी या पूरक वस्तू 'मॉडेल्ड मिनिएचर्स' नावाने निघाल्या. त्यांतील मोटारींना १९३४ मध्ये नवे नाव मिळाले : 'डिंकी टॉईज'.

(७/१९) म्हणजे मोटार ही आरंभी रेल्वेच्या देखाव्यातील दुय्यम पात्र होती. म्हणून तिचे मापही साधारणपणे रेल्वेच्या मापाच्या आसपास राहिले. पुढे मुलांना मोटारीच अधिक आवडू लागल्या आणि 'ओ गेज' मागे पडले. तरीही युरोपातील धातूच्या संग्राह्य मोटारी आजतागायत १:४३ मध्येच निघतात. कारण विस्मरणात गेले, आकडा तेवढा उरला. इतिहासाच्या विद्यार्थ्याला असे अवशेष पुराभिलेखागारात जितके सापडतात तितकेच बाजारातही सापडतात.

(८/१९) डिंकीचा एक धागा भारतापर्यंत येतो. १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात डिंकीचे काही वापरलेले साचे कलकत्त्यास आले आणि त्यांतून 'निकी टॉईज' नावाच्या मोटारी ओतल्या गेल्या. साच्यावरील 'डिंकी' ही अक्षरे घासून तेथे 'निकी' कोरले गेले. पोलादी साचा ही महागडी वस्तू असते, ती सहजी टाकून देत नाहीत. साचा जेथे जातो तेथे त्याचे मापही जाते. लिव्हरपूलच्या रेल्वेचा हिशेब असा बंगालमधल्या मुलांच्या हाती पोहोचला.

(९/१९) दुसरी शाखा मापाला फारशी जुमानतच नाही. लंडनच्या लेस्नी कंपनीतील जॅक ओडेल यांच्या मुलीच्या शाळेत काड्यापेटीत मावेल एवढेच खेळणे आणण्यास परवानगी होती, म्हणून त्यांनी तिला पितळेचा एक चिमुकला रोडरोलर करून दिला, अशी हकिकत सांगितली जाते. १९५३ मध्ये 'मॅचबॉक्स' मालिका बाजारात आली. त्याच वर्षी लेस्नीने राणी एलिझाबेथच्या राज्यारोहणाच्या रथाची छोटी प्रतिकृती काढली. तिचा खप दहा लाखांवर गेला.

(१०/१९) मॅचबॉक्समध्ये पेटीचा आकार ठरलेला होता. मोटारीने त्यात मावायचे. त्यामुळे दुमजली बस आणि छोटी मोटार जवळपास एकाच लांबीच्या निघत. येथे प्रमाण वस्तूवरून ठरत नाही, वेष्टनावरून ठरते. १९६८ मध्ये अमेरिकेत 'हॉट व्हील्स' आली. तिच्यावर आज सरसकट १:६४ ची ओळख लावली जाते, पण तेथेही प्रत्यक्ष माप गाडीगणिक थोडे मागेपुढे होतेच.

(११/१९) आता दुकानदारांच्या 'पंचवीस'कडे वळू. त्याचे घर डेट्रॉईटच्या परिसरात. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेतील मोटारविक्रेते नव्या गाडीच्या छोट्या प्रतिकृती ग्राहकांना दाखवत आणि त्यांच्या मुलांना भेट देत. त्या खऱ्या गाडीच्याच रंगांत असत. हे काम करणाऱ्या कंपन्यांपैकी एएमटी ही १९४८ च्या सुमाराची. तिने आधी ॲल्युमिनियम व मग प्लॅस्टिक वापरले. या प्रतिकृती १:२५ च्या असत. ते खेळणे कमी आणि जाहिरात अधिक होती.

(१२/१९) १९५८ मध्ये एएमटीने तीच गाडी सुट्या भागांत विकायला काढली. एका पेटीतून तीन प्रकारची गाडी घडवता येई : कारखान्यातून निघते तशी, स्वतः सजवलेली, किंवा शर्यतीची. यामागे तरुणांना चढलेली गाड्या फेरफार करण्याची लहर होतीच. पण मला महत्त्वाची वाटते ती यातली श्रमाची अदलाबदल. जोडणीचे जे काम कारखान्यात मजुरी देऊन करावे लागे, तेच आता ग्राहक आनंदाने, शिवाय पैसे देऊन, घरी करू लागला.

(१३/१९) इंग्लंडमध्ये हेच थोडे आधी घडले होते. निकोलस कोव्ह हे मूळचे हंगेरीचे उद्योजक. त्यांची एअरफिक्स कंपनी युद्धोत्तर काळात प्लॅस्टिकचे कंगवे करी. फर्ग्युसन ट्रॅक्टरच्या विक्री प्रतिनिधींसाठी तिने ट्रॅक्टरची प्रतिकृती बनवली. ती हाताने जोडणे खर्चिक पडे. म्हणून पुढे ती सुट्या भागांत विकली गेली. छंदाचा जन्म नेहमी फुरसतीतूनच होतो असे नाही. काही वेळा तो हिशेबाच्या वहीतूनही होतो.

(१४/१९) तिसरा प्रवाह जपानचा. शिझुओका येथे योशिओ तामिया यांनी १९४६ मध्ये लाकडाचा व्यवसाय सुरू केला. लवकरच त्याला लाकडी प्रतिकृतींची जोड मिळाली. प्लॅस्टिकचे युग आल्यावर १९६० मध्ये त्यांनी 'यामातो' युद्धनौकेचा पहिला प्लॅस्टिक संच काढला. प्रतिस्पर्ध्याने तीच नौका स्वस्तात विकली आणि तामियांना मोठा फटका बसला. त्यानंतरच्या संचांत 'पँथर' रणगाडा आला, आणि त्याने कंपनी सावरली.

(१५/१९) हा रणगाडा मोटरवर चालणारा होता. पोटात मोटर आणि बॅटऱ्या मावतील एवढा तो मोठा करावा लागला. तयार झाल्यावर मोजले तर प्रमाण निघाले जवळपास १:३५. यामागे फूट नाही, मीटर नाही, रेल्वे नाही. आहे ती फक्त बॅटरीची जाडी! शुन्साकु तामिया यांनी स्वतःच ही कबुली दिली आहे. आज जगभर लष्करी प्रतिकृतींचे ते प्रमाणभूत माप झाले आहे. अचूकतेची ओढही याच कंपनीची : १९७० च्या दशकात पोर्श घडवताना त्यांनी एक खरी पोर्श ९११ विकत घेऊन ती सुटी करून पाहिली होती.

(१६/१९) मग एकदा पडलेले माप बदलत का नाही? कारण माप एकटे राहत नाही. एका गाडीसाठी घेतलेली चाके, माणसे, छापील पट्ट्या, काचेचे कपाट हे सारे त्याच प्रमाणाचे होत जाते. ग्राहकाचा जुना संग्रह नव्या उत्पादकाला बांधून ठेवतो. आपल्याकडे वजने व मापे यांचा दशमान कायदा १९५६ मध्ये झाला, तरी आजही आपण सदनिका चौरस फुटांत विकत घेतो आणि उंची फूट-इंचांत सांगतो. सवयीचे आयुष्य कायद्याच्या आयुष्याहून मोठे असते.

(१७/१९) हे सारे मी शोधत होतो त्याचे कारण माझे मामा. साताऱ्याहून मुंबईस जाऊन त्यांनी बावीस वर्षे काळी-पिवळी प्रीमियर पद्मिनी चालवली. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाईल्सने फियाट ११०० ची ही भारतीय आवृत्ती कुर्ल्याच्या कारखान्यात घडवली. ऑक्टोबर २०२३ अखेरीस मुंबईच्या रस्त्यांवरून ती टॅक्सी म्हणून हद्दपार झाली. मामांची गाडी त्याच्या कितीतरी आधी भंगारात गेली होती. मी फिरलो त्या दुकानांत पोर्श होती, फेरारी होती. पद्मिनी नव्हती. ज्या वस्तूमागे बाजार उभा राहत नाही तिचा साचा पडत नाही.

(१८/१९) म्हणून ती प्लॅस्टिकच्या पत्र्यातून हातानेच घडवायला घेतली. बोहरी आळीतून बारीक कानशी आणि पॉलिश पेपर आणला, पुट्टी आणली, शून्य नंबरचा ब्रश घेतला. माप निवडले १:२४, कारण जुन्या संचातील चाके त्याच प्रमाणाची होती. बाहेरची लांबी-रुंदी छापील माहितीतून मिळते. आतले काय? मामांना विचारले. ते खुर्चीत बसले, डोळे मिटले आणि दोन्ही हात समोर धरले, स्टिअरिंग धरावे तसे. मी टेप लावला : सुमारे सोळा इंच. मग त्यांनी गिअरचा दांडा स्टिअरिंगखाली कोठे होता ते हवेतच दाखवले. पुढचे सलग आसन त्यांनी जेवणाच्या टेबलावर विती टाकून मोजले. मी त्यांची वीत मोजून घेतली आणि २४ ने भागली.

(१९/१९) दिवाळीत आपण किल्ला करतो तेव्हा मावळा दरवाजाहून उंच असतो आणि कोणी हरकत घेत नाही. तेथे मोठेपण मापाने ठरत नाही. मामांचेही काहीसे तसेच निघाले. अर्धवट झालेली गाडी पाहून ते म्हणाले, "बाकी ठीक आहे रे, पण मीटर बाहेर, डाव्या बाजूला हवा. आणि जरा मोठा कर. लांबून दिसायला पाहिजे." १:२४ च्या हिशेबाने तो मीटर जेमतेम अर्ध्या इंचाचा व्हायला हवा. मी दोन करून ठेवले आहेत : एक मापाचा, एक मामांचा. कोणता चिकटवायचा हे अजून ठरलेले नाही. थ्रेड येथे संपतो. ज्यांच्या घरात पद्मिनीची जुनी छायाचित्रे असतील, विशेषतः आतल्या बाजूची, त्यांनी ती खाली जरूर जोडावीत. दुरुस्त्यांचेही स्वागत आहे.