एका रुपयाचे भागधारक

"कायदा लावाल तर कारखाना बंद करू," ही मालकांची धमकी विडी कामगारांना नवी नाही. केरळातल्या कण्णूरमध्ये ती १९६८ साली खरी झाली. १९६६ च्या विडी व सिगार कामगार कायद्याने कामाचे तास, भरपगारी रजा अशा साध्या गोष्टी मान्य केल्या होत्या. केरळच्या नंबूद्रीपाद सरकारने तो अंमलात आणायला घेतला आणि मंगळूरच्या बड्या कारखानदारांनी कण्णूरमधलं काम गुंडाळलं. सुमारे १२ हजार माणसं एका फटक्यात घरी बसली.

माझी आई सोलापुरात विड्या वळायची. रात्री पानं भिजवून ओल्या फडक्यात गुंडाळायची, सकाळी पत्र्याचं माप ठेवून कात्रीने कापायची. मांडीवर सूप, सुपात तंबाखू. भरायची, वळायची, तोंड मुडपायचं, दोरा बांधायचा. असं हजार वेळा. मग कारखान्यात चेकर जुडी उचलून हव्या तेवढ्या विड्या 'छाट' म्हणून बाजूला टाकायचा. छाटीची मजुरी नाही आणि त्या विड्या परतही नाहीत. पान कमी पडलं की पदरचे पैसे घालून विकत आणायचं आणि हजार भरून द्यायचे. म्हणून मजुरीचा दर ऐकला की मी आधी विचारते, मोजणारा कुणाचा माणूस?

कण्णूरच्या बेकारांनी या प्रश्नालाच हात घातला. १५ फेब्रुवारी १९६९ ला 'केरळ दिनेश विडी' ही सहकारी संस्था सुरू झाली. शेअर २० रुपयांचा. कामगाराने द्यायचा १ रुपया, उरलेले १९ सरकारचं कर्ज. ज्याच्या घरी चूल पेटत नव्हती, तो त्या एका रुपयाने भागधारक झाला. गावोगावच्या सोसायट्या विड्या वळणार आणि मध्यवर्ती संस्था पान-तंबाखू खरेदी करून माल विकणार, अशी घडी जी. के. पणिक्कर यांच्या अध्यक्षतेखाली बसली. भविष्यनिर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, बोनस, सुट्टीचा पगार, सगळं मिळू लागलं. दिनेश देते म्हटल्यावर आसपासच्या खाजगी मालकांनाही हात आखडता घेणं जड गेलं. ऐंशीच्या दशकात तिथे ४० हजारांवर हात राबत होते.

तिथली एक जुनी रीत मला फार आवडते. एकजण मोठ्याने वर्तमानपत्र वाची, बाकीचे वळता वळता ऐकत आणि त्याच्या वाट्याच्या विड्या आपसांत वाटून वळून देत. वाचणं हेही काम आहे आणि कामाचा मोबदला द्यायचा असतो, हे त्यांना कुणी शिकवावं लागलं नव्हतं.

विडी घातकच, वळणाऱ्याच्या छातीलाही. मागणी घटली तेव्हा दिनेशने मसाले, नारळाचं दूध, छत्र्या असे धंदे उभे केले. तरी वळणारे हात कमी होत गेले, ते थांबलं नाही.

आमच्या सोलापूरच्या विडी वळणाऱ्या बायकांनी कामगार नेते नरसय्या आडम यांच्या नेतृत्वाखाली शहराजवळच्या कुंभारीत १० हजार घरांची वसाहत उभी केली. आपले पैसे घातले, सरकारकडून वाटा मिळवला. घराच्या बाबतीत जे साधलं, ते कारखान्याच्या बाबतीतही साधलं असतं असं मला ठामपणे वाटतं. आईकडे तो एक रुपया नक्की होता. तिच्यासाठी १९ रुपये पुढे करणारं कुणी हवं होतं.