महाराष्ट्रातील कांदळवन संवर्धन

महाराष्ट्रातील कांदळवन संवर्धन म्हणजे राज्याच्या अरबी समुद्रालगतच्या खाड्या, नदीमुखे व खाजण जमिनी यांवरील कांदळवनांचे कायदेशीर संरक्षण, त्यांची पुनर्लागवड आणि त्यांच्या आधाराने चालणाऱ्या शाश्वत व्यवसायांची उभारणी यांसाठी होणारे कार्य होय. कांदळवनांना खारफुटी असेही म्हणतात. पालघर, ठाणे, मुंबई शहर, मुंबई उपनगर, रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या ७ जिल्ह्यांत ही वने आढळतात. भारतीय वन सर्वेक्षण संस्थेच्या २०२१ च्या अहवालानुसार राज्यातील कांदळवनांचे क्षेत्र ३२४ चौरस किलोमीटर असून त्यात रायगड जिल्ह्याचा वाटा सर्वाधिक आहे. मुंबई उच्च न्यायालयाचा २००५ मधील आदेश, २०१२ मध्ये झालेली कांदळवन कक्षाची स्थापना आणि २०१७ पासून राबवली जाणारी कांदळवन संवर्धन व उपजीविका निर्माण योजना हे या कार्याचे प्रमुख टप्पे मानले जातात.

## वनस्पती व त्यांची वैशिष्ट्ये

राज्यात कांदळवनांच्या सुमारे २० प्रजाती आढळतात. तिवर, कांदळ, पांढरी चिप्पी, काजळा आणि मारांडी या त्यांपैकी विशेष परिचित आहेत. मुंबई व ठाण्याच्या खाड्यांत तिवरांचे प्रमाण अधिक आहे. दक्षिण कोकणातील खाड्यांत प्रजातींची विविधता तुलनेने जास्त दिसते.

खारे पाणी, प्राणवायूचा अभाव असलेला चिखल आणि रोजची भरती-ओहोटी या परिस्थितीशी या वनस्पतींनी जुळवून घेतले आहे. तिवराची श्वसनमुळे चिखलातून पेन्सिलीसारखी वर येतात आणि हवेतील प्राणवायू घेतात. मुळांतून आत आलेले जादा मीठ तिवर पानांवाटे बाहेर टाकते. कांदळाला खोडापासून कमानीसारखी आधारमुळे फुटतात व त्याची मुळे बरेचसे मीठ आत येऊच देत नाहीत. कांदळाचे बीज झाडावर असतानाच अंकुरते. लांब शेंगेसारखे दिसणारे हे रोप खाली पडल्यावर चिखलात रुजते किंवा भरतीच्या पाण्याबरोबर दूर वाहत जाते.

ऑगस्ट २०२० मध्ये महाराष्ट्राने पांढरी चिप्पी या प्रजातीला राज्य कांदळवन वृक्षाचा दर्जा दिला. असा वृक्ष घोषित करणारे महाराष्ट्र हे देशातील पहिले राज्य ठरले. या वृक्षाची पांढरी फुले रात्री उमलतात.

## पर्यावरणीय व आर्थिक महत्त्व

कांदळवनांची मुळे गाळ धरून ठेवतात, लाटांचा जोर कमी करतात आणि किनाऱ्याची धूप रोखतात. पाणथळ चिखलात सेंद्रिय द्रव्य हळूहळू कुजत असल्याने या जमिनीत कार्बन दीर्घकाळ साठून राहतो. गळून पडलेल्या पानांवर जीवाणू, कृमी व लहान कवचधारी जीव पोसले जातात आणि त्यांच्यावर मासे व पक्षी जगतात. कोळंबी, जिताडा, बोय यांसारख्या अनेक जलचरांची पिल्ले आयुष्याचा सुरुवातीचा काळ खाडीच्या या आसऱ्यात घालवतात. त्यामुळे कांदळवनांच्या ऱ्हासाचा परिणाम खाडीपुरता राहत नाही, तो समुद्रातील मासेमारीपर्यंत पोहोचतो.

खाडीतील मासेमारी ही मुख्यतः लहान होड्या, पाग व हाताने चालणारी मासेमारी आहे. ओहोटीच्या वेळी चिखलातून कालवे, तिसऱ्या, चिंबोऱ्या आणि निवट्या गोळा करण्याचे काम मोठ्या प्रमाणावर स्त्रिया करतात. या मिळकतीसाठी भांडवल फारसे लागत नाही, मात्र खाडीचे पाणी स्वच्छ आणि तिच्या काठची झाडी शाबूत असावी लागते.

## ऱ्हासाची कारणे

कोकणात खाजणांना बांध घालून भातशेती व मिठागरे करण्याची परंपरा जुनी आहे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात शहरांचा विस्तार, बंदरे, रस्ते, वसाहती व कचराभूमी यांसाठी खाड्यांमध्ये भराव घालण्याचे प्रमाण वाढले. मुंबईतील वांद्रे-कुर्ला संकुल मिठी नदीच्या मुखालगतच्या दलदलीच्या जमिनीवर उभे राहिले आहे. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडून मुंबई जलमय झाली. त्यानंतर मिठीचे पात्र व काठची कांदळवने आक्रसल्याचा प्रश्न सार्वजनिक चर्चेत आला.

भरावाबरोबरच भरतीच्या पाण्याची वाट अडवणे हेही ऱ्हासाचे कारण आहे. बांध वा रस्ता घालून पाणी तोडल्यास कुऱ्हाड न लावताही झाडे काही काळात वाळून जातात. सांडपाणी, प्लास्टिक कचरा आणि तेलगळती यांमुळे श्वसनमुळे झाकली जाऊन झाडांची हानी होते.

उरण परिसरातील बंदरविस्तारामुळे कांदळवने व पारंपरिक मासेमारी यांची हानी झाल्याच्या तक्रारीवर राष्ट्रीय हरित लवादाच्या पुणे खंडपीठाने २७ फेब्रुवारी २०१५ रोजी निकाल दिला. त्यात १,६३० मच्छीमार कुटुंबांना ९५.१९ कोटी रुपये भरपाई देण्याचा आदेश होता. हे प्रकरण पुढे सर्वोच्च न्यायालयात गेले.

## कायदेशीर संरक्षण

केंद्र सरकारने १९९१ मध्ये सागरी किनारा नियमन क्षेत्राची अधिसूचना काढली. २०११ व २०१९ मध्ये तिच्या जागी नव्या अधिसूचना आल्या. या अधिसूचनांमध्ये कांदळवनांचा समावेश सर्वाधिक संवेदनशील वर्गात केलेला आहे.

बॉम्बे एन्व्हायर्नमेंटल ॲक्शन ग्रुप या संस्थेने दाखल केलेल्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने ६ ऑक्टोबर २००५ रोजी अंतरिम आदेश दिला. त्यानुसार राज्यभर कांदळवनांची तोड थांबवण्यात आली आणि त्यांच्याभोवतीच्या ५० मीटरच्या पट्ट्यात बांधकाम व भराव यांना मनाई झाली. सरकारी जमिनीवरील कांदळवने वन म्हणून अधिसूचित करून वन विभागाच्या ताब्यात देण्याचे निर्देशही देण्यात आले.

१७ सप्टेंबर २०१८ रोजी न्यायमूर्ती अभय ओक व न्यायमूर्ती रियाझ छागला यांच्या खंडपीठाने या प्रकरणी अंतिम निकाल दिला. कांदळवनांचा नाश हा संविधानाच्या अनुच्छेद २१ ने दिलेल्या जीविताच्या हक्काचा भंग ठरतो, असे न्यायालयाने म्हटले. सार्वजनिक हिताच्या प्रकल्पासाठी तोड अपरिहार्य असल्यास उच्च न्यायालयाची परवानगी आवश्यक ठरली. मुंबई-अहमदाबाद अतिजलद रेल्वेमार्गासाठी अशी परवानगी ९ डिसेंबर २०२२ रोजी देण्यात आली. त्या प्रकल्पात बाधित होणाऱ्या कांदळवन वृक्षांची संख्या मूळ आराखड्यातील ५३,४६७ वरून २१,९९७ पर्यंत कमी करण्यात आली होती.

## कांदळवन कक्ष व प्रतिष्ठान

महाराष्ट्र शासनाने २०१२ मध्ये वन विभागांतर्गत स्वतंत्र कांदळवन कक्ष स्थापन केला. केवळ कांदळवनांसाठी असा कक्ष निर्माण करणारे महाराष्ट्र हे पहिले राज्य होते. अतिक्रमणे हटवणे, गस्त घालणे, रोपवाटिका चालवणे आणि पुनर्लागवड करणे ही कक्षाची कामे आहेत. संशोधन, जनजागृती आणि उपजीविकाविषयक कामासाठी २०१५ मध्ये कांदळवन प्रतिष्ठान ही स्वायत्त संस्था सुरू झाली.

मासेमारी करताना जाळ्यात अडकलेले देवमुशी, समुद्री कासव, डॉल्फिन यांसारखे संरक्षित जीव जाळे कापून सोडून देणाऱ्या मच्छीमारांना २५,००० रुपयांपर्यंत भरपाई देण्याची योजना डिसेंबर २०१८ मध्ये सुरू झाली. वन विभाग व मत्स्यव्यवसाय विभाग ती संयुक्तपणे राबवतात. जाळे हेच मच्छीमाराचे मुख्य भांडवल असल्याने ते कापण्याचा खर्च त्याच्या एकट्याच्या माथी पडू नये, असा या योजनेमागील विचार आहे.

## उपजीविका निर्माण योजना

२० सप्टेंबर २०१७ च्या शासन निर्णयाने कांदळवन संवर्धन व उपजीविका निर्माण योजना लागू झाली. तिच्या आधी संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाच्या साहाय्याने सिंधुदुर्ग जिल्ह्यात किनारी जैवविविधतेचा प्रकल्प राबवण्यात आला होता व त्यात अशा व्यवसायांचे प्रयोग झाले होते. योजनेत गावपातळीवर कांदळवन सहव्यवस्थापन समिती नेमली जाते आणि तिच्यामार्फत बचत गटांची व लाभार्थ्यांची निवड होते. सामूहिक प्रकल्पासाठी शासनाचा वाटा ९० टक्के व गटाचा १० टक्के असतो. वैयक्तिक प्रकल्पासाठी हे प्रमाण ७५ व २५ टक्के आहे.

योजनेतील प्रमुख व्यवसाय पुढीलप्रमाणे आहेत.

* चिखली खेकडापालन : खाडीलगत जाळीचे कुंपण घालून खेकड्यांची पिल्ले वाढवली जातात. खेकडे एकमेकांना खात असल्याने कुंपणात लपण्यासाठी पुरेशी जागा ठेवावी लागते.
* पिंजऱ्यातील मत्स्यपालन : खाडीत तरंगत्या पिंजऱ्यांत जिताड्यासारखे निमखाऱ्या पाण्यातील मासे वाढवले जातात.
* कालवेपालन : तराफ्यांना दोऱ्या बांधून त्यांवर कालवे वाढवतात. कालवे पाणी गाळून त्यातील सूक्ष्म वनस्पतींवर जगतात, त्यामुळे त्यांना खाद्य द्यावे लागत नाही. मात्र दूषित पाण्यातील घातक द्रव्ये त्यांच्या शरीरात साठू शकतात.
* शोभिवंत मत्स्यपालन : घरालगतच्या टाक्यांत हा व्यवसाय करता येतो.
* निसर्ग पर्यटन : वेंगुर्ला येथील मांडवी खाडीत महिला बचत गटाने सुरू केलेली होडीतून कांदळवन सफर या प्रकारातील परिचित उदाहरण आहे.

## संरक्षित क्षेत्रे

ठाणे खाडीच्या पश्चिम काठावरील १६.९०५ चौरस किलोमीटर क्षेत्र ६ ऑगस्ट २०१५ रोजी ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य म्हणून घोषित झाले. येथे लहान व मोठा अशा दोन्ही प्रकारचे रोहित पक्षी हिवाळ्यात व उन्हाळ्यात मोठ्या संख्येने येतात. २०२२ मध्ये ठाणे खाडीचा समावेश आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या रामसर पाणथळ स्थळांच्या यादीत झाला. खाडीच्या पूर्व काठावर ऐरोली येथे कांदळवन कक्षाचे किनारी व सागरी जैवविविधता केंद्र आहे. सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीचे २९.१२ चौरस किलोमीटरचे मालवण सागरी अभयारण्य १९८७ मध्ये घोषित झाले होते.

## सद्यस्थिती व आव्हाने

भारतीय वन सर्वेक्षणाच्या नोंदींनुसार राज्यातील कांदळवनांचे क्षेत्र २०१३ मध्ये १८६ चौरस किलोमीटर होते, तर २०२१ मध्ये ते ३२४ चौरस किलोमीटर झाले. तथापि क्षेत्रातील वाढ म्हणजे खाडीचे आरोग्य सुधारणे असे दर वेळी नसते. ठाणे खाडीत गाळ साचून मोकळ्या चिखलपट्ट्यांवर तिवरे पसरली आहेत. त्यामुळे रोहित पक्ष्यांची खाद्यस्थाने आणि मच्छीमारांचे पाणी दोन्ही आक्रसते. पुनर्लागवड करतानाही भरतीची पातळी व स्थानिक प्रजाती यांचा विचार न झाल्यास रोपे टिकत नाहीत.

रायगड जिल्ह्यात फुटलेल्या बांधांमुळे खारे पाणी शिरून भातखाचरांत कांदळवने उगवली आहेत. संरक्षण लागू झाल्यावर ती तोडता येत नाहीत, त्यामुळे खासगी जमिनीचे मालक असलेले शेतकरी अडचणीत येतात. दुसरीकडे, मोठ्या प्रकल्पांना परवानगी मिळत असताना किनाऱ्यावरील रहिवाशांवर मात्र निर्बंध येतात, अशी भावना मच्छीमार वस्त्यांत व्यक्त होते. न्यायालयीन संरक्षणाने तोडीला आळा बसला असला, तरी खाडीवर जगणाऱ्या कुटुंबांना त्या संरक्षणाचा लाभ किती मिळतो, यावर या कार्याचे पुढील यश अवलंबून आहे.

## हे सुद्धा पहा

* ठाणे खाडी
* मालवण सागरी अभयारण्य
* सागरी किनारा नियमन क्षेत्र
* कोळी समाज