चार फुटांत कुर्डुवाडी

घरात छोटी रेल्वे उभारायची म्हटलं की पहिला प्रश्न इंजिनाचा नसतो, जागेचा असतो. हा प्रश्न आपल्या वन बीएचकेच्या जमान्यातला वाटतो, पण मॉडेल रेल्वेचा सगळा इतिहासच मुळात जागेच्या टंचाईचा आहे.

१८९१ मध्ये जर्मनीतल्या मेर्कलिन कंपनीने लाइपझिगच्या व्यापारी जत्रेत ठरावीक रुंदीच्या रुळांवर धावणारी खेळण्यातली रेल्वे मांडली. किल्लीवर चालणाऱ्या गाड्या तोवर नवीन राहिल्या नव्हत्या. नवीन होती ती रुळांची ठरलेली मापं. आज घेतलेल्या रुळाला पुढच्या वाढदिवसाला घेतलेला रूळ जुळणार, याची खात्री. माझ्या धंद्याच्या भाषेत सांगायचं तर इंटरफेस ठरला आणि मग बाकीचं वाढत गेलं.

पण त्या गाड्या मोठ्या होत्या. त्यांना दिवाणखान्याची अख्खी जमीन लागायची. १९२२ मध्ये न्यूरेंबर्गच्या बिंग कंपनीने टेबलावर मावेल अशी रेल्वे आणली. त्या वेळच्या ‘झीरो’ मापाच्या साधारण निम्मी. ‘हाफ झीरो’ म्हणून पुढे तिचं नाव पडलं एचओ. प्रमाण १:८७, रुळांमधलं अंतर १६.५ मिलिमीटर. ब्रिटिशांची अडचण वेगळीच होती. त्यांची खरी इंजिनं युरोपातल्या इंजिनांपेक्षा अंगाने लहान. १:८७ ला त्यांच्या पोटात त्या काळची मोटर मावेना. मग त्यांनी डब्या-इंजिनांचं प्रमाण वाढवून १:७६ केलं आणि रूळ तेच १६.५ चे ठेवले. त्यामुळे आजही ब्रिटिश ‘ओओ’ मॉडेलमधली गाडी तिच्या रुळांच्या मानाने रुंद दिसते. प्रॉडक्शनमध्ये गेलेली तडजोड नंतर काढता येत नाही, हे आयटीवाल्यांना वेगळं सांगायला नको. १९६० च्या दशकात त्याहून लहान ‘एन’ माप रुळलं. रुळांमधलं अंतर फक्त ९ मिलिमीटर.

आता आपल्याकडे येऊ. भारतीय ब्रॉडगेज म्हणजे १,६७६ मिलिमीटर. ८७ ने भागलं तर १९.२६ येतात. बाजारात मिळणारा एचओ रूळ १६.५ चा. म्हणजे आपली ब्रॉडगेज मॉडेलमध्ये जवळजवळ पावणेतीन मिलिमीटरने अरुंद पडते. बहुतेक भारतीय छंदकार तिकडे दुर्लक्ष करून पुढे जातात. मी मात्र कॅल्क्युलेटर हातात होता म्हणून आणखी एक आकडा भागून पाहिला. ७६२ भागिले ८७. उत्तर ८.७६. ‘एन’चा रूळ ९ चा. फरक पाव मिलिमीटरचा, डोळ्यांना न दिसणारा.

७६२ मिलिमीटर, म्हणजे अडीच फूट, हे बार्शी लाइटचं माप.

माझी आजी बार्शीची. तिच्या बोलण्यात ‘बार्शी लाइट’ ही एखाद्या चुलत्यासारखी यायची. उशिरा येणारी, पण येणारी. मी ती गाडी कधी पाहिली नाही. मला समज येईपर्यंत मार्गाचं ब्रॉडगेज व्हायला लागलं होतं.

ही रेल्वे उभी करणारा एव्हरार्ड कॅलथ्रॉप हा इंग्रज इंजिनिअर १८८२ मध्ये जीआयपी रेल्वेत नोकरीला आला होता. मुंबई-सोलापूर मार्गावरच्या बार्शी रोड स्टेशनपासून बार्शी गाव चांगलं ३५ किलोमीटर आत. कापूस आणि धान्याची एवढी मोठी पेठ, पण माल यायचा-जायचा बैलगाडीने. १८९५ मध्ये लंडनला कंपनी स्थापन झाली, १८९७ मध्ये गाडी धावली. कॅलथ्रॉपचं म्हणणं सोपं होतं: इंजिन असो की वाघीण, एका आसावर ५ टनांपेक्षा जास्त वजन पडता कामा नये. मग हलका रूळ चालतो, हलके पूल चालतात, खर्च आटोक्यात राहतो. वजन वाटून देण्यासाठी लीड्सच्या किटसन कंपनीने पहिली इंजिनं बांधली, त्यांना आठ चालक चाकं आणि मागे चार. हाच अनुभव घेऊन त्याने १९०४ मध्ये इंग्लंडात लीक अँड मॅनिफोल्ड ही छोटी रेल्वे उभारली. नॅरोगेजची विद्या इथून तिकडे गेली, हे आपल्या पुस्तकांत फारसं येत नाही. बार्शी लाइट पुढे पंढरपूर, लातूर आणि १९२७ मध्ये मिरजेपर्यंत पोचली.

ही रेल्वे घरात आणायची तर कशी? बार्शी रोड ते बार्शी हे अंतर ८७ ने भागलं तरी ४०० मीटर रूळ लागतो. माझ्याकडे खिडकीखाली चार फूट बाय एक फुटाची फळी बसते. तिच्यात खऱ्या जगातले जेमतेम १०६ मीटर मावतात. म्हणून मार्ग सोडून दिला आणि एकच जागा घेतली: कुर्डुवाडी, म्हणजे पूर्वीचं बार्शी रोड. तिथे दोन्ही गेज शेजारी येत. काळ निवडला १९५०. देश स्वतंत्र, पण ही रेल्वे अजून लंडनच्या कंपनीची. सरकारने ती १९५४ मध्ये घेतली.

एवढ्याशा जागेत गाडी चालवण्यात मजा काय, याचं उत्तर ॲलन राइट या ब्रिटिश छंदकाराने देऊन ठेवलंय. त्याच्या ‘इंगलनुक’ आराखड्यात तीन साइडिंग असतात: एकीत ५ वाघिणी मावतात, उरलेल्या दोघींत ३-३. एकूण वाघिणी ८. चिठ्ठ्या टाकून ५ निवडायच्या आणि त्याच क्रमाने गाडी जोडायची. इंजिनासोबत एका वेळी पुढे ३ च वाघिणी ओढता येतात. सांधे दोन, पण शक्य गाड्या ६,७२०. मी आधी कोड लिहून हे सोडवलं, मग कागदावर आराखडा काढला, मग सनबोर्ड कापला.

आराखडा आजीला दाखवला. तिने चष्मा लावून तो सावकाश पाहिला आणि विचारलं, “पोती कोण उचलणार?”

मला आधी प्रश्न कळला नाही. मग तिने सांगितलं. छोट्या गाडीतली वाघीण मोठ्या रुळावर जायची नाही. म्हणजे बार्शी-लातूरकडून आलेलं प्रत्येक पोतं कुर्डुवाडीला छोट्या वाघिणीतून निघून मोठ्या वाघिणीत पडायचं, ते हमालाच्या पाठीवरून. “रूळ काढलेस, सांधे काढलेस, माणसंच नाहीत,” ती म्हणाली.

कॅलथ्रॉपच्या हिशेबात आसावरचे टन होते, माझ्या कोडमध्ये वाघिणींचे क्रमांक होते. दोन्ही हिशेब बरोबर आहेत. पण दोन गेजमधल्या फरकाची किंमत ज्याने रोज पाठीवर मोजली, तो दोन्हीत नाही. गेज बदलणं ही कंपनीसाठी बचत होती, कारण ते ओझं स्वस्तात वाहणारी माणसं हजर होती.

म्हणून आराखडा बदलला. मधोमध आता मालधक्का आहे. एका बाजूला ९ मिलिमीटरचा रूळ, दुसऱ्या बाजूला १६.५ चा. मोठी रेल्वे मापात चुकलेली, छोटी जवळजवळ अचूक, हे मला आवडतं. १:८७ ची तयार माणसं विकत मिळतात, पण ती कोट-टोपीतली युरोपियन. एकेकाची टोपी ब्लेडने तासायची, एम-सीलचं मुंडासं गुंडाळायचं, कोटाला पांढरा रंग देऊन बंडी करायची. माणूस १९ मिलिमीटरचा, पोतं एका सेंटिमीटरचं. एकाला साधारण पाऊण तास जातो. आतापर्यंत अकरा हमाल झाले. इंजिन अजून झालेलं नाही. त्याचा सांगाडा ‘एन’च्या तयार चाकांवर थ्रीडी प्रिंट करून बसवायचा आहे.

नॅरोगेज गेल्याची हळहळ आमच्यासारख्या रेल्वेवेड्यांना फार असते. आजीला नाही. लातूरची गाडी आता थेट मुंबईला जाते, याचा तिला आनंद आहे. गेज एक झालं तेव्हा पाठीवरचं ते ओझं गेलं आणि त्यावर चालणारी मजुरीही गेली. हे दोन्ही एकाच फळीवर कसं दाखवायचं, ते मला अजून सुचलेलं नाही. सध्या धक्क्याची उंची दोन्ही वाघिणींच्या तळाशी जुळवतोय. छोट्या वाघिणीचा तळ खाली, मोठीचा वर. पोतं घेऊन तेवढं चढायला लागतं, हे फूटपट्टी लावल्यावर लक्षात येतं.