लोणारचा रंग आणि यंत्राची शिकवणी

१/ २५ मे २०२० रोजी लॅन्डसॅट-८ उपग्रहाने टिपलेल्या छायाचित्रात बुलढाणा जिल्ह्यातील लोणार सरोवर हिरवे आहे. १० जूनच्या छायाचित्रात तेच सरोवर गुलाबी दिसते. सोळा दिवसांत काय घडले? या प्रश्नामागे पाण्याचा रंग वाचण्याचा दीर्घ इतिहास आहे. #थ्रेड

२/ लोणारच्या क्षारांपासून काच व साबण यांची सामग्री मिळते, अशी नोंद अबुल फजलने 'आईन-इ-अकबरी'त केली. १८२३ मध्ये सी. जे. ई. अलेक्झांडर या ब्रिटिश अधिकाऱ्याने या विवराची दखल घेतली. खाऱ्या, अल्कधर्मी पाण्याची हिरवी छटा मुख्यतः स्पिरुलिनासारख्या नीलहरित शैवालाची.

३/ १८६५ मध्ये आंजेलो सेक्की या इटालियन खगोलशास्त्रज्ञाने पांढरी तबकडी पाण्यात सोडली आणि ती कोणत्या खोलीवर दिसेनाशी होते ते मोजले. गढूळपणाला आकडा मिळाला. कारण मात्र कळले नाही.

४/ ते कारण कॅनडातील 'सरोवर २२६'ने दाखवले. १९७३ मध्ये पडदा लावून त्याचे दोन भाग केले. दोन्हींत कार्बन व नायट्रोजन घातले, फॉस्फरस मात्र एकातच. तोच भाग शैवालाने हिरवागार झाला.

५/ आपल्याकडे याचे उदाहरण म्हणजे उजनी. पुणे व पिंपरी-चिंचवडचे सांडपाणी नद्यांतून भीमेला मिळते आणि धरणात साचते. त्यातील नायट्रोजन-फॉस्फरसवर शैवाल पोसते. सोलापूर शहर हेच पाणी पिते.

६/ शैवाल वाढण्यापूर्वीच त्याची चाहूल लागेल का? १९९७ मध्ये फ्रीडरिख रेक्नागेल व सहकाऱ्यांनी जपानमधील कासुमिगाउरा व बिवा, फिनलंडमधील तुसुलान्यार्वी ही सरोवरे आणि ऑस्ट्रेलियातील डार्लिंग नदी यांच्या जुन्या नोंदी कृत्रिम न्यूरल नेटवर्कला शिकवून असा अंदाज बांधला.

७/ पुढे उपग्रहांची जोड मिळाली. हरितद्रव्य लाल प्रकाश शोषते. त्यालगतचा, डोळ्यांना जेमतेम जाणवणारा प्रकाश परावर्तित होतो. एकाच दिवशीचे उपग्रहचित्र आणि पाण्याचा नमुना अशा असंख्य जोड्यांतून यंत्र हे नाते शिकते.

८/ आता पुन्हा लोणार. गुलाबी रंगाचा पहिला संशय शैवालावरच गेला. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे होते. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने नमुने तपासले, तेव्हा हा रंग क्षारप्रिय हॅलोआर्किया या सूक्ष्मजीवांचा निघाला. नमुना स्थिर ठेवताच ते तळाशी बसले आणि पाणी नितळ झाले.

९/ आकाशातून रंग दिसला. रंगाचे नाव प्रयोगशाळेने सांगितले. निदान चुकले तर उपायही चुकतो. जुन्या नोंदी नसतील तर यंत्राला शिकवायचे तरी काय? म्हणून पाणी हिरवे असो वा गुलाबी, काठावर उतरून तारखेसह भरलेली एक बाटली हा उद्याच्या इतिहासाचा अस्सल दस्तऐवज आहे.

#लोणार #उजनी #इतिहास